जाखडीचं गाणं वेगळं, नमनाचं वेगळं

गणपतीत अंगणात गोल धरून नाचतात ती जाखडी. शिमग्यात संकासुर आणि गोमू ही सोंगं घेऊन येतं ते नमन. रत्नागिरीकडच्या माणसाला हे सांगावं लागू नये. तरी दर भाद्रपदात मोबाइलवर जाखडीचा व्हिडिओ येतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘कोकणचं नमन’.

दिसण्यातला फरक पटकन सांगून टाकतो. जाखडीत शाहीर आणि वाजवणारे मधे बसतात, नाचणारे भोवती फिरतात, पायात चाळ. नमनात मृदंग-टाळ, आणि गवळणीत पेंद्या, मावशी प्रत्यक्ष सोंग घेऊन उभी राहतात. आणि हो, जाखडीला ‘बाल्या डान्स’ म्हणू नका. मुंबईत घरकाम करणाऱ्या कोकणी गड्याला ‘बाल्या’ म्हणून हाक मारत. मला ते नाव आजही टोचतं.

खरा घोळ होतो गाण्याच्या अर्थात. दोन्हीकडे आधी गण, म्हणजे गणपतीचं स्तवन, मग गवळण. त्यामुळे पुढचंही सगळं भक्तिगीतच, असं लोक धरून चालतात. नमनात ते चालून जातं. धरती, गणपती, ग्रामदेवता अशी एकेकाला वंदना होते. गाणारा साऱ्या वाडीच्या वतीने हात जोडतो, आपणही जोडायचे.

जाखडीत मात्र गाण्याला समोर उत्तर देणारा दुसरा शाहीर लागतो. शक्तीवाले देवीची बाजू घेतात, तुरेवाले शिवाची. घाटावर कलगी-तुरा म्हणतात तो हाच वाद. शक्तीचा शाहीर म्हणतो, ‘शिव’मधली वेलांटी काढा, उरतं ‘शव’. ती वेलांटी म्हणजेच शक्ती. हे ऐकून ‘देवाला शव म्हणतात’ असं म्हणत चिडलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांनी अर्धंच गाणं ऐकलेलं असतं. तुऱ्याकडून उलटा प्रश्न येऊ शकतो, अक्षरच नसेल तर वेलांटी द्यायची कुणाला? आता कुठे गाणं पुरं झालं. शाहीर इथे मनातलं मत सांगत नसतो, वाट्याला आलेली बाजू लढवत असतो, आणि त्यासाठी पुराणातले दाखले त्याला तोंडपाठ असावे लागतात. एकट्या सवालाचा अर्थ लावायला बसलात, की तो शिवीसारखाच वाटणार.

मग सणाच्या दिवशी, देवापुढे हे भांडण कशाला? माझ्या मते याहून योग्य जागा नाही. गणपती दोघांचाही मुलगा. एक शाहीर त्याच्यापुढे त्याच्या आईचं मोठेपण गातो, दुसरा बापाचं.

म्हणून सवालावर व्हिडिओ तोडून पाठवणाऱ्यांचा मला राग येतो. जबाबापर्यंत थांबा. तोवर चहाची दुसरी फेरीही येते.