अल्झायमरग्रस्तांची आकलनशक्ती व स्वास्थ्य : कोकण किनारपट्टी

अल्झायमर हा स्मृती, भाषा, दिशा-काळाचे भान आणि निर्णयशक्ती हळूहळू हिरावून घेणारा मेंदूविकार आहे. त्यात मेंदूच्या पेशींबाहेर अमायलॉइड प्रथिनाचे थर साचतात आणि पेशींच्या आत टाऊ प्रथिनाचे गुंते होतात. जर्मन वैद्य आलोईस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये या विकाराचे वर्णन प्रथम मांडले. गेलेल्या पेशी परत आणणारे औषध नाही. तरीही एकाच टप्प्यावरच्या दोन रुग्णांपैकी एक घरभर वावरतो आणि दुसरा खाटेला खिळतो. हा फरक बहुधा आजाराबाहेरच्या गोष्टींनी पडतो आणि त्यांतल्या बऱ्याच घरातल्या माणसांच्या हातात असतात.

आकलन आणि स्वास्थ्य जोडीने खालावतातच असे नाही. आपले दिवस कसे चालले आहेत याबद्दल रुग्ण स्वतः जे सांगतात, त्याचा स्मरणचाचणीतील गुणांशी फारसा मेळ बसत नाही. नैराश्याशी मात्र तो ठळकपणे बसतो. सांभाळणारी माणसे रुग्णाचे जीवनमान बहुतेक वेळा रुग्णापेक्षा कमी लेखतात.

कोकणात या प्रश्नाला मनुष्यबळाची बाजू आहे. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. चाकरमानी मुंबईत, गावच्या घरात म्हातारा-म्हातारी, हे चित्र वाडीवाडीत दिसते. दोघांपैकी एकाची स्मृती ढळली की दुसरा, गुडघेदुखी आणि रक्तदाब सांभाळत, रात्रंदिवस पहारेकरी होतो. त्याची झोप मोडली, चिडचिड वाढली की तिचा परिणाम रुग्णाच्या वागण्यावर लगेच उमटतो. ‘आत्ताच सांगितलं ना!’ हे वाक्य दिवसातून वीसदा ऐकणाऱ्याला प्रश्न आठवत नाही, पण दटावल्याची सल राहते.

कान आणि डोळे हे सर्वांत दुर्लक्षित घटक आहेत. ऐकूच न आलेली गोष्ट ‘विसरली’ म्हणून आजाराच्या खाती जमा होते. पिकलेल्या मोतीबिंदूमुळे माजघरातल्या अंधारात खुंटीवरचे इरले (पावसात डोक्या-पाठीवर घ्यायचे पानांचे आच्छादन) माणसासारखे दिसते, आणि घरचे म्हणतात, भास होतात. कानातला मळ काढणे किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांना ‘आता या वयात कशाला’ हे उत्तर मिळते. ते चुकीचे आहे.

कालपर्यंत बरी असलेली व्यक्ती आज कोणाला ओळखेनाशी झाली, असंबद्ध बडबडू लागली किंवा सुस्त पडली, तर तो अल्झायमरचा पुढचा टप्पा समजू नये. तो बहुधा तीव्र संभ्रम असतो; मूत्रमार्गाचा संसर्ग, न्यूमोनिया, बद्धकोष्ठ, शरीरातील पाणी कमी होणे, न सांगता येणारी वेदना ही त्याची नेहमीची कारणे. पावसाळ्यात तापाबरोबर हे घडले तर लेप्टोस्पायरोसिसही (उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा संसर्ग) ध्यानात घ्यावा लागतो. संडास परसात असलेल्या घरांत रात्री बाहेर जावे लागू नये म्हणून म्हाताऱ्या बायका संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत आणि दमट हवेत घाम तर वाहतच असतो. अशा वेळी बाधा झाली म्हणून देवळात गाऱ्हाणे घालतात. गाऱ्हाण्याला हरकत नाही, लघवीची तपासणी त्याआधी व्हावी.

औषधेही आकलन बिघडवतात. सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्या, वारंवार होणारी लघवी रोखणारी औषधे आणि झोपेच्या गोळ्या मेंदूला मंद करतात. त्यांतील काही तर डोनेपेझिलसारख्या स्मृतीसाठी दिलेल्या औषधाच्या नेमके उलट काम करतात. आक्रमकता आवरण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मनोविकारविरोधी औषधांनी या रुग्णांत पक्षाघात आणि मृत्यूचा धोका वाढतो. ती अगदी गरजेपुरती आणि थोडा काळच द्यायची असतात.

घर ही कोकणातल्या रुग्णाची मोठी जमेची बाजू आहे. नावे आणि तारखा लवकर जातात, हाताच्या सवयी उशिरा. मुलाचे नाव न आठवणारी बाई झावळीचे हीर काढते, कोकमे फोडते, वाल सोलते. ही कामे काढून घेणे हा काळजीपोटी होणारा अन्याय आहे. शेजारी बसून ती करू द्यावीत. जुन्या आरत्या आणि भजनेही बराच काळ टिकतात, मात्र गणपतीत भरलेल्या घराचा गलबला, पखवाज-टाळ आणि जागरण सोसत नाही. पहिल्या आरतीला बसवून मग मागच्या खोलीत नेणे, हा बऱ्याच घरांनी अनुभवाने काढलेला मार्ग. धोकेही त्याच घरात आहेत : बुटक्या कठड्याची विहीर, शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्या, भरलेला वहाळ (ओढा). जन्मभर दर्यावर गेलेला खलाशी पहाटे किनाऱ्याकडे चालू लागतो, तेव्हा तो त्याच्या हिशोबाने कामावरच निघालेला असतो.

जून ते सप्टेंबर हा काळ कठीण. उजेड कमी, वीज बेभरवशाची, माणसांची ये-जा थांबलेली. संध्याकाळी वाढणारी अस्वस्थता या दिवसांत दुपारीच सुरू होऊ शकते. म्हणून ‘पावसात मुंबईला, उन्हाळ्यात गावी’ अशी सोय अनेक कुटुंबे करतात. निरोगी वृद्धाला ती मानवते, अल्झायमरच्या रुग्णाला दर खेपेस महाग पडते. फ्लॅटमध्ये तो रात्री परसदार शोधतो, न्हाणीघर सापडत नाही, कपडे ओले होतात, आणि दोष आजाराला जातो. हलवायचेच असेल तर लवकरच्या टप्प्यात, एकदाच आणि ओळखीचे सामान बरोबर घेऊन.

रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. सिंधुदुर्गातले अनेक रुग्ण गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात. बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइडच्या तपासण्या त्याआधी जवळच करून घेता येतात, कारण या दोन्हींची कमतरता विसरभोळेपणा वाढवते आणि ती भरून काढता येते. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत न्यावी, वैदूच्या चूर्णासकट.