दगड जळत नाही, मग खालची फळी का जळते?

लाकडावर चालणारा लोखंडी स्टोव्ह लाकडी जमिनीवर ठेवायचा असेल, तर खाली ग्रॅनाइटची लादी टाकली की झालं, असं अनेकांना वाटतं. दगड थोडाच पेटतो? पेटत नाही, कबूल. पण उष्णता खाली जाऊ देतो, थोडी उशिरा इतकंच. आणि महिनोन्महिने तापत राहिलेलं लाकूड हळूहळू करपतं, मग ताज्या लाकडापेक्षा कमी तापमानालाही पेट घेऊ शकतं. न जळणं हा एक गुण, उष्णता अडवणं हा अगदी वेगळा.

हिशेब सोपा आहे: मीटरमधल्या जाडीला उष्णतावाहकतेने (पदार्थातून उष्णता किती सहज जाते त्या आकड्याने, एकक वॉट प्रति मीटर-केल्विन) भागायचं, की रोध, म्हणजे उष्णता अडवण्याची ताकद मिळते. ग्रॅनाइटची वाहकता साधारण ३, म्हणजे ३० मिलिमीटर लादीचा रोध ०.०१. हलक्या कॅल्शियम सिलिकेट बोर्डाची वाहकता सुमारे ०.१, म्हणून २५ मिलिमीटरला ०.२५. तेवढंच काम दगडाकडून हवं असेल तर पाऊण मीटर जाड शिळा लागेल!

हा बोर्ड करतो काय? खरं तर काम त्याच्या छिद्रांत अडकलेली हवाच करते. स्थिर हवेची वाहकता फक्त ०.०२५ च्या आसपास. अडचण अशी की मोठ्या पोकळीत हवा फिरू लागते, शिवाय तापलेली बाजू थंड बाजूकडे प्रारण, म्हणजे किरणांच्या रूपात उष्णता फेकते आणि ते निरपेक्ष तापमानाच्या (केल्विनमधल्या) चौथ्या घाताने वाढतं. म्हणून छिद्रं बारीक हवीत. ती सुमारे ७० नॅनोमीटरहून, म्हणजे हवेच्या रेणूंच्या सरासरी मुक्त पथाहून (दोन टकरींमधल्या सरासरी अंतराहून) लहान झाली, तर रेणू एकमेकांऐवजी भिंतींवरच आपटतात आणि वाहकता स्थिर हवेच्याही खाली जाते. सूक्ष्मरंध्री सिलिका बोर्डाची करामत हीच.

आता ‘उष्णतारोधक रंगा’च्या जाहिराती घ्या. अर्धा मिलिमीटर थर स्थिर हवेइतका चांगला मानला तरी रोध ०.०२. म्हणजे दोन मिलिमीटर बोर्ड. बाकी सगळी जाहिरात.

जिप्सम बोर्डही इथे नको. शुद्ध जिप्समच्या वजनात सुमारे २१ टक्के पाणी स्फटिकात बांधलेलं असतं. आगीत ते वाफ होऊन वेळ मिळवून देतं, पण रोजच्या उष्णतेने निघून गेलं की बोर्ड भुसभुशीत होतो.

काही स्टोव्हांचा तळ फारसा तापत नाही. उत्पादकाने फक्त ठिणग्यांपासून संरक्षण मागितलं असेल तर लादी पुरते. रोधाचा आकडा दिला असेल तर एकक तपासून तो गाठावाच लागतो. रोधांची बेरीज होते, म्हणून बोर्डाचे दोन थर चालतात. वर लादी हवीच, नाहीतर स्टोव्हचे पाय मऊ बोर्डात रुततील. वरच्या थराचे सांधे मात्र खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नका. नाहीतर उष्णतेला थेट फळीपर्यंत फट मिळते.