कोकाचे पान आणि कोकेन

कोकेन कोकाच्या पानातूनच निघते. म्हणून पान आणि कोकेन एकच, असा समज सर्रास आढळतो. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उतारांवर वाढणाऱ्या या झुडपाच्या वाळलेल्या पानात कोकेनचे प्रमाण जेमतेम एक टक्क्याच्या आसपास असते, आणि पेरू व बोलिव्हियातील केचुआ व आयमारा लोकांच्या नित्य व्यवहारात हे पान पिढ्यानपिढ्या आहे.

हे लोक पान चघळतात असे लिहिले जाते, पण प्रत्यक्षात चावणे फारसे नसतेच. पाने एकेक करून गालात सरकवली जातात, त्यांचा ओलसर गोळा होतो आणि त्याच्या जोडीला चुना किंवा किन्वा या धान्याच्या देठांची राख घेतली जाते. या क्षारामुळे पानातील द्रव्य मोकळे होऊन तोंडाच्या अस्तरातून सावकाश रक्तात उतरते. आपल्याकडे तंबाखूला चुना लावण्यामागचे रसायनही हेच. गाल किंचित बधिर होतो, भूक आणि शीण मागे पडतात. सुमारे चार हजार मीटर उंचीवरच्या बोलिव्हियातील पोतोसी येथील खाणकामगार आजही याच्या आधारावर कामाची पाळी काढतात. पचामामा या भूमातेला नैवेद्य म्हणूनही तीच पाने वाहिली जातात.

कोकेनचा इतिहास मात्र प्रयोगशाळेत सुरू होतो. 1860 च्या सुमारास आल्बर्ट नीमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते पानातून वेगळे केले आणि 1884 मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलरने डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत भूल देण्यासाठी ते वापरले. शुद्ध पूड नाकाने ओढली की मात्रा मोठी आणि परिणाम झटपट, त्यामुळे व्यसन जडते आणि हृदयावर ताण येतो.

अमली पदार्थांविषयीच्या 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारात मात्र दोन्ही एकाच यादीत गेले आणि पान चघळण्याची प्रथा पंचवीस वर्षांत बंद करावी, असे ठरले. गंमत म्हणजे त्याच करारात, अल्कलॉइड, म्हणजे कोकेनसारखी द्रव्ये, काढून टाकलेला पानाचा अर्क पेयांना स्वाद देण्यासाठी वापरण्याची मुभा राहिली. माझ्या मते हा उघड दुजाभाव होता. बोलिव्हिया त्यातून बाहेर पडला आणि चघळण्याचा हक्क राखून 2013 मध्ये परतला.

भारतात 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानुसार कोकाच्या पानांवरही बंदी आहे. त्यामुळे पेरूतील कुस्को या उंचावरच्या शहरातील हॉटेलात विरळ हवेच्या त्रासावर सहज मिळणारा कोकाचा चहा तिथेच पिऊन यावा, त्याच्या पुड्या सामानात आणू नयेत; शिवाय तो प्यायल्यावर मूत्रचाचणीत कोकेनचे अंश सापडू शकतात.