गोठवलेली कॉफी: नायट्रोजनचा एवढा खटाटोप कशाला?

मुंबईत हल्ली चांगल्या कॉफीचं वेड जोरात आहे, वांद्र्याच्या गल्ल्यांमधून चाललं की कुठून ना कुठून कॉफी भाजल्याचा वास येतोच. पण तीच महागडी बी घरी आणली की कॅफेसारखा कप काही होत नाही. ग्राइंडर हवा, वजनकाटा हवा, पाणी नेमकं किती गरम ते बघायला हवं, आणि हे सगळं लोकल पकडायच्या घाईत, म्हणजे बोंबलाच. मग शेवटी इन्स्टंटचा चमचा.

यावर अमेरिकेतल्या कॉमेटियर नावाच्या स्टार्टअपने काढलेला तोडगा मला भारी वाटतो. नावाजलेल्या रोस्टर्सची, म्हणजे बी भाजून विकणाऱ्यांची कॉफी कारखान्यातच बनवायची, तीही नेहमीपेक्षा साधारण दहापट घट्ट, मग ती अॅल्युमिनियमच्या छोट्या कॅप्सूलमध्ये भरून लिक्विड नायट्रोजनने झटक्यात गोठवायची आणि ड्राय आइसमध्ये (म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये) ठेवून घरी पाठवायची. तुम्ही फक्त ते कॉफीचं ढेकूळ कपात टाकायचं, वर गरम पाणी ओतायचं, झालं. ना मशीन, ना चोथा.

आता घट्ट कॉफी करून मग ती पातळ करायची ही आयडिया माटुंग्याच्या लोकांना कोणी शिकवायला नको, साउथ इंडियन फिल्टर कॉफीचं डिकॉक्शन म्हणजे दुसरं काय असतं! पण सकाळचं डिकॉक्शन संध्याकाळी वापरून बघा. आंबूस, कडवट, आणि वास तर पार गेलेला. दूध-साखर-चिकोरी बरंच झाकून नेतात, पण ब्लॅक पिणाऱ्याला ते लगेच कळतं.

असं होतं कारण तयार कॉफी म्हणजे सतत काही ना काही रिअॅक्शन चालू असलेलं रसायन आहे. बी भाजताना त्यातल्या क्लोरोजेनिक अॅसिडपासून लॅक्टोन नावाची संयुगं बनतात, ती गरम पाण्यात हळूहळू तुटून परत अॅसिड होतात, म्हणून कॉफी ठेवली की आंबट होत जाते. वासाचं त्याहून वाईट. भाजलेल्या कॉफीचा तो खास वास ज्यांच्यामुळे येतो त्यात फरफ्युरिलथायोल नावाचं एक गंधकवालं संयुग फार महत्त्वाचं, ते कपात असतं अगदी चिमूटभराच्याही चिमूटभर, आणि ते कॉफीतल्याच तपकिरी रंगद्रव्यांना जाऊन चिकटतं आणि गायब होतं. म्हणजे झाकण कितीही घट्ट लावा, वास आतल्या आत मरतो.

थंड केलं की हे सगळं मंदावतं. ढोबळ नियम असा की तापमान दर १० अंशांनी खाली आलं की रिअॅक्शनचा वेग साधारण निम्मा होतो, त्या हिशोबाने मुंबईतल्या ३० अंशांवरून फ्रीझरच्या उणे १८ वर आलो तर वेग जवळपास तीसपट कमी. शिवाय सगळं गोठून टणक झाल्यामुळे रेणूंना इकडून तिकडे जायलाही जागा नाही.

मग घरच्या फ्रीझरमध्येच गोठवू की, उणे १९६ अंशांचा नायट्रोजन कशाला? इथे खरी गंमत आहे. लहानपणी शाळेबाहेर प्लॅस्टिकच्या नळीत मिळायची ती पेप्सी आठवा, पहिल्या चार घोटांत सगळा रंग आणि गोडवा चोखून व्हायचा आणि हातात उरायचा नुसता पांढरा बर्फ. पाणी हळूहळू गोठतं तेव्हा बर्फाचा स्फटिक शुद्ध पाण्याचाच बनतो, साखर-रंग वगैरे बाकी सगळ्याला तो बाहेर ढकलतो. कॉफीचंही तेच होतं. उरलेली कॉफी आइस ट्रेमध्ये ठेवून क्यूब अर्धा वितळू द्या, आधी काळाकुट्ट अर्क निथळेल आणि मागे फिकट चहासारखा खडा उरेल. म्हणजे गोठताना मधले दोन-तीन तास कॉफीचा प्रचंड घट्ट अर्क बर्फाच्या फटींमध्ये द्रवरूपातच बसलेला असतो, सगळी संयुगं एकमेकांना खेटून, आणि अशा दाटीत काही रिअॅक्शन्स उलट जोर धरू शकतात. नायट्रोजनने हा मधला काळ जवळजवळ पुसूनच टाकला जातो.

योगायोग असा की ही कंपनी मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर गावातली, आणि १९२५ च्या सुमारास क्लॅरेन्स बर्ड्सआय या गृहस्थाने मासे झटपट गोठवायचं तंत्र याच गावात उभं केलं. पण माशाचं कारण वेगळं. तिथे मोठे स्फटिक पेशी फोडतात आणि मासा वितळल्यावर पचपचीत होतो. कॉफीत पेशी नाहीतच आणि आपण ती वितळवूनच पिणार, त्यामुळे ‘बारीक स्फटिक म्हणून चव छान’ असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका, इथे सगळा मुद्दा वेळेचा आहे.

इन्स्टंटपेक्षा हे वेगळं कसं, तर इन्स्टंटमध्ये पाणी पूर्ण काढून टाकतात आणि पाण्याबरोबर वासाचे उडते रेणूही निघून जातात. ते आधी पकडून नंतर परत घालायचे प्रकार कंपन्या करतात, पण सगळं परत येत नाही. गोठवलेल्या कॉफीत पाणी जागेवरच असतं.

आपल्याकडे हे चालेल का? चव सोडा, मला काळजी रस्त्याची वाटते. ड्राय आइस उणे ७८ अंशांचा असतो खरा, पण मे महिन्यात भिवंडीच्या गोदामातून निघालेला डबा घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकला आणि आतली कॉफी मध्येच वितळून परत गोठली तर वरून काही कळणार नाही, कॅप्सूल तशीच चकचकीत. नायट्रोजनने वाचवलेला वेळ टेम्पोत गेला! त्यात अमेरिकेतच कपाला साधारण दोन डॉलर पडतात.

तोवर घरी करण्यासारखं म्हणजे बी गोठवणं. २०१६ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलं की बी जितकी थंड तितकी ती दळताना बारीक आणि एकसारखी फुटते. फक्त आठवड्याला पुरेल एवढीच बी एकेका हवाबंद पाकिटात भरा, आणि मोठं पाकीट सारखं उघडून परत फ्रीझरमध्ये कोंबू नका, कारण जुलैच्या दमट हवेत गार बियांवर दोन मिनिटांत दव धरतं आणि ती ओल बियांबरोबर परत आत जाते.