सिमेंटचे पत्रे, आमवात आणि फुप्फुसं : छप्पर उतरवण्याआधी

छप्पर बघायला येणारा आमचा माणूस मापं घेताना विचारतो : घरात कुणाला आमवात आहे का? त्यांनी कधी पत्रे कापण्याचं, बॉयलरच्या लॅगिंगचं (उष्णता अडवणारं आवरण बसवण्याचं) किंवा जहाजतोडणीचं काम केलंय का? प्रश्न खासगी वाटेल, पण विनाकारण नाही. (वयामुळे गुडघे झिजतात तो आजार वेगळा. आम्ही विचारतो ते ऱ्हुमॅटॉइड संधिवाताबद्दल.)

सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा धडधाकट असेल तर तंतू फारसे सुटत नाहीत. तो कटरने कापला, फोडला की ते हवेत उडतात आणि श्वासातून खोल जाऊन फुप्फुसात रुततात. पावसाळ्याआधी तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडणं तर कृपा करून थांबवाच. वर्षानुवर्षं ही धूळ श्वासात गेली तर फुप्फुस कडक होतं. हा ॲस्बेस्टॉसिस. दम लागायला बहुधा दहा-वीस वर्षं जातात. कॅन्सरचा धोका वेगळाच, आणि विडी-सिगारेटने तो कितीतरी वाढतो.

आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटते, कधी फुप्फुसांवरही. १९५३ साली डॉ. अँथनी कॅप्लन यांनी वेल्समधल्या आमवात असलेल्या कोळसा खाणकामगारांच्या एक्स-रेत गोल गाठी नोंदवल्या. अर्ध्यापासून पाच सेंटिमीटरपर्यंतच्या. पुढे सिलिका (दगड-वाळूतलं खनिज) आणि क्वचित ॲस्बेस्टॉसच्या धुळीत राबलेल्यांतही त्या आढळल्या. कधी गाठी आधी दिसतात, सांधे नंतर सुजतात. आपल्याकडे अशी गाठ दिसली की टीबी आणि कॅन्सरची शंका येते. ती तपासायलाच हवी. पण जुनं काम कोणतं होतं हे डॉक्टरांना कुणी सांगतच नाही. तेवढं आठवणीने सांगा. आमवातावरची मेथोट्रेक्सेट ही गोळी चालू असताना नवा कोरडा खोकला किंवा दम लागला तर लगेच दाखवा, कारण क्वचित त्या गोळीनेही फुप्फुसाला सूज येते. मनाने गोळी मात्र बंद करू नका.

एका दिवसाच्या कामाने हे आजार होतील, असं सांगून आम्हाला छप्पर विकायचं नाही. तरी त्या दिवशी घरातले सगळेच, आणि आमवाताचे पेशंट आधी, नातेवाइकांकडे गेलेले बरे. आम्ही पत्रे भिजवतो, बोल्ट सोडवून अख्खे उतरवतो, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळतो. ग्राइंडर चालवत नाही. तोंडाला रुमाल बांधून तंतू अडत नाहीत, म्हणून माणसांना अगदी बारीक धूळही अडवणारे पी-१०० फिल्टरचे मास्क देतो. कोंबड्यांच्या खुराड्यासाठी दोन तुकडे ठेवून जा म्हणाल, तर तेवढं मात्र करणार नाही.