प्रवर्ग वेगळा, वंशगट वेगळा

गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर बाईची नोंद करताना नर्स जातीचा प्रवर्ग विचारते: एससी, एसटी की इतर. तिची बहीण इंग्लंडात स्विंडनला असेल, तर तिथल्या दवाखान्याच्या फॉर्मवर ‘एथ्निसिटी’, म्हणजे वंशगट, असा रकाना असतो. दोन्हीकडे ‘तुम्ही कुणापैकी?’ हाच सूर, म्हणून लोक दोन्ही एकच धरतात. पण पहिला रकाना योजनेसाठी आहे, दुसरा बराचसा तपासणीसाठी.

प्रवर्ग कायदा ठरवतो. गावडा, कुणबी आणि वेळीप गोव्यात २००३ साली अनुसूचित जमातींच्या यादीत आले. म्हणजे केप्यातली वेळीप बाई २००२ मध्ये ‘इतर’ होती, पुढे एसटी झाली. रक्त होतं तेच राहिलं. ख्रिस्ती गावडेही एसटीच, कारण जमातीला धर्माची अट नाही. अनुसूचित जातीला ती आहे. शिवाय यादी राज्यागणिक बदलते: कर्नाटकात एससी असलेले लमाणी गोव्याच्या यादीत नाहीत. दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला सरकार जननी सुरक्षा योजनेतून पैसे देतं. ते गोव्यासारख्या राज्यात बीपीएल, एससी आणि एसटी बायांपुरतेच, म्हणून हा रकाना हवाच. तो खिडकीवर, रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात भरायची मात्र काही गरज नाही.

वंशगट आपण सांगू तो. दाखला कुणी मागत नाही, ‘सांगायचं नाही’ म्हणायचीही मुभा असते. तपासणीत तो कसा लागतो ते बघा. उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ५८ किलो असेल, तर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, साधारण २४ येतो. गोऱ्या बाईला हे वजन ठीक. तिच्यासाठी जास्त वजनाची सीमा २५. दक्षिण आशियाई बाईची सीमा २३, कारण आपल्याकडे मधुमेह कमी वजनावरच गाठतो. आता गोव्याच्या बाईने आपल्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे म्हणून वंशगटात ‘पोर्तुगीज’ लिहिलं, तर गोऱ्यांची सीमा लागायची. पासपोर्ट हे नागरिकत्व. इथे ‘इंडियन’वरच खूण करावी. गरोदरपणात सिकल सेल आणि थॅलेसेमिया या आई-बापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारांसाठी तिथे वेगळा फॉर्म असतो. त्यात बाळाच्या आई-बाप दोघांच्याही घराण्याचं मूळ विचारतात.

हा इंग्लंडचा रकाना जसाच्या तसा गोव्यात आणण्यात मला अर्थ दिसत नाही. इथे जवळजवळ सगळेच ‘इंडियन’वर खूण करतील. त्यापेक्षा घरात कुणाला रक्ताचा आजार आहे का, नवरा-बायको नात्यातले आहेत का, हे विचारावं. एसटीच्या खुणेवरून ते कळत नाही.