बर्फघर, बंगला, मठ : मरीनावरच्या गोल वास्तूची पार्श्वभूमी

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यासमोरची विवेकानंद इल्लम ही वास्तू १८४२ साली बांधली गेली ती माणसांनी राहावं म्हणून नव्हे. बॉस्टनच्या एका व्यापाऱ्याने अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांचा बर्फ जहाजांतून आणून साठवण्यासाठी ती उभारली. बाहेरची उष्णता आत शिरू नये एवढंच कोठाराला साधायचं होतं. यंत्राने बर्फ इथेच तयार होऊ लागला, तसा हा व्यापार बसला. कोलकाता आणि मुंबईतली याच व्यापाऱ्याची बर्फघरं आज उरलेली नाहीत. मद्रासचं वाचलं, कारण त्याचं घर झालं.

मद्रासच्या एका नामवंत वकिलाने ती इमारत विकत घेतली, गोलाकार व्हरांडे जोडले, भिंतींत भरपूर खिडक्या पाडल्या आणि आपल्या परिचयातल्या एका न्यायाधीशाच्या नावावरून तिला ‘कॅसल कर्नन’ म्हटलं. आज जे रूप डोळ्यांत भरतं त्यात या फेरबदलांचा वाटा मोठा आहे. तरीही कोठाराचा मूळ स्वभाव पुरता गेला नाही. हवा खेळत नाही, ही तक्रार कायम राहिली.

फेब्रुवारी १८९७ मध्ये पश्चिमेतून परतलेले विवेकानंद इथे काही दिवस उतरले. मद्रासमध्ये कायमचं केंद्र हवं, असा आग्रह इथल्या भक्तांनी धरला. विवेकानंदांनी आपल्या एका गुरुबंधूंना पाठवलं आणि त्याच वर्षी याच घरात रामकृष्ण मठ सुरू झाला. मठासाठी म्हणून नवं बांधकाम झालं नाही. वकिलाच्या बंगल्यातल्या खोल्यांतच पूजा, अभ्यास आणि प्रवचनं होऊ लागली. १९०२ मध्ये मालक वारले, पुढे वास्तू लिलावात गेली आणि मठाला आवारातल्या दुय्यम खोल्यांत हलावं लागलं. १९०७ मध्ये मयिलापूरला मठाची स्वतःची इमारत झाली.

१९१७ मध्ये सरकारने ही वास्तू घेतली आणि तिथे बालविधवांचं वसतिगृह आलं. विधवा मुलीने शिकावं, शिक्षिका व्हावं, ही कल्पनाच ज्या काळात घरोघरी नाकारली जात होती, त्या काळात दोन दशकांहून अधिक काळ मुली इथे राहून शिकल्या. वास्तूच्या इतिहासात मला हा टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो.

म्हणूनच १९६३ चा निर्णय अजून बोचतो. विवेकानंदांच्या जन्मशताब्दीनिमित्त सरकारने वास्तूला त्यांचं नाव दिलं. नामकरणाच्या बाजूने बोलणारे म्हणतात, दक्षिणेतल्या मठपरंपरेचा उगम इथला, तेव्हा दुसरं कोणतं नाव शोभणार? युक्तिवाद खोटा नाही. पण त्यात नऊ दिवसांचा मुक्काम आणि दहा वर्षांचा मठ एकत्र बांधला गेला आणि ज्या गुरुबंधू संन्याशाने ती दहा वर्षं ओढून नेली तो मागे पडला. वसतिगृहाचं तर नावही उरलं नाही. परिसरातल्या लोकांच्या तोंडी मात्र आजही ‘आइस हाउस’च आहे आणि जवळचं पोलीस ठाणंही त्याच नावाचं.

१९९७ मध्ये मठाच्या संस्थेला ही वास्तू भाडेपट्ट्याने मिळाली, डागडुजी झाली आणि १९९९ अखेरीस आत कायमचं प्रदर्शन खुलं झालं. विवेकानंद ज्या खोलीत उतरले होते ती ध्यानासाठी राखली आहे. एका खोलीला असा मान मिळणं योग्यच. पण इमारतीला गोल पोट का आहे आणि व्हरांडे नंतर का चिकटवावे लागले, हे कळायला कोठारापासूनची गोष्ट लागते. विधवा मुलींच्या खोल्या कोणत्या होत्या, त्याची पाटीही त्याच इमारतीत लागायला हवी. वास्तू सरकारची आहे, तेव्हा ही मागणी सरकारकडेच करावी लागेल.